तिजेसाठी सोडलेली गोळी

ब्राह्मणपाऱ्यातल्या गोदावरीबाईनं तीस वर्षं बालवाडी चालवली. अर्ध्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, पोट्ट्यांना तिनं ओळीत बसायला शिकवलं, पण तिचे स्वतःचे पाय तिचं ऐकेनात. तीन वर्षांपूर्वी पुरानी बस्तीत ती स्कूटीवरून पडली, मणक्यातल्या नसांना मार बसला. तेव्हापासून पाय बसल्या जागी लाकडासारखे ताठायचे. त्यावर पांढरी गोळी, दिवसातून तीनदा.

डॉक्टरनं नीट समजावलं होतं. मेंदूचा लगाम आता पायांपर्यंत पोचत नाही, म्हणून मणक्यातल्या नसा स्नायूंना उगाच 'आवळ, आवळ' सांगत राहतात. गोळी त्या नसांना गप्प बसवते. पण एकदम बंद केली तर त्या दुपटीनं पेटतात, सोडायची तर हळूहळू. हे सून गंधालीनं ऐकलं. गोदावरीबाई तेव्हा पेंगत होती. त्या गोळीनं झोप फार यायची.

तीज, म्हणजे आपली हरतालिका, दोन दिवसांवर आली. गंधाली इथल्या रीतीनं माहेरी राजनांदगावला गेली, अन् त्याच दिवशी, रविवारी, गोदावरीबाईनं गोळी सोडली.

"मागच्या साली जागरणात मी घोरली," ती नवऱ्याला म्हणाली. "बाया हसल्या. उपास तुमच्यासाठी, अन् मीच झोपून राहिली. औंदा गोळी नाही."

रेल्वेतून रिटायर झालेल्या नरहरला त्यात वावगं वाटलं नाही. दुखण्याचीच तर गोळी, दुखलं तर घेईल.

रविवार तिचा टवटवीत गेला. सोमवारी तिजेच्या आदल्या दिवसाचा कारल्याचा करूभात तिनं स्वतः रांधला, पण संध्याकाळपासून अंगभर खाज सुटली. मंगळवारी सकाळी वाळूची पिंड करताना बोटं थरथरली. दुपारी अंग तव्यासारखं तापलं. पाय पोटाशी ओढले गेले ते सुटेनात. भिंतीवरच्या मुंग्या झाडा, म्हणाली. भिंत कोरी होती.

नरहरनं मोहरीचं तेल चोळलं. हाताखाली मांस नव्हे, दगड लागला. त्यानं गंधालीला फोन केला. तिनं फक्त गोळ्यांची डबी उघडायला सांगितली. रविवारपासूनचे सगळे खण भरलेले होते.

त्यानं ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, पहले एक सौ आठ को फोन कीजिए. जिवावरचं आहे हे. शुद्धीवर असतील तर गोळी द्या, अभी."

त्यानं फोन लावला, अँब्युलन्स निघाल्याचं कळलं. नरहर गोळी अन् पाणी घेऊन आला. पाणी पाहताच गोदावरीबाईनं मान फिरवली.

"निर्जळी आहे मी. तुमचं आयुष्य आहे त्याच्यात."

"माह्या आयुष्याचं राहू दे, गोदे. तोंड उघड."

तिनं दात आवळले. त्यानं विनवलं, रागावला, शेवटी हात जोडले. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी बदललं, तिनं मान हलवली, हो म्हणून. पण दात उघडले नाहीत. त्यानं हनुवटीला हात लावला. जबडाही पायांसारखाच दगड झाला होता.