उत्तरेच्या खोलीची ऊब

काटकसर आणि कृपणता दुरून सख्ख्या बहिणी वाटतात. त्यांचे कूळ मात्र एक नव्हे. कृपणाला वस्तू हातची जाण्याचे भय असते. काटकसरी माणसाला हळहळ वाटते ती वस्तू आपले काम पुरे न करताच निघून गेल्याची. आपल्या पूर्वजांनी अग्नीला घरी आलेला अतिथी मानले. अमेरिकेतल्या हिमाच्छादित हॅनकॉक गावी वसलेल्या, फिनिश कुळातल्या रेइनो हापाला यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते; पण असा अतिथी विन्मुख परतलेला त्यांना सोसत नसे.

रेइनो सहकारी दुकानाची मालमोटार चालवीत. त्यांच्या तळघरात एका अंगाला तेलाची भट्टी होती. तिच्यापासून निघालेले पत्र्याचे डक्ट घरभर फिरून खोल्याखोल्यांतल्या जाळ्यांतून गरम वारा सोडीत. दुसऱ्या अंगाला लाकडावर तापणारा सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली. दर शनिवारी शेजारचे विल्बर्ट ओल्लिला खांद्यावर पंचा टाकून येत, तापल्या दगडांवर पाणी पडे, वाफ उसळे, आणि ती सारी ऊब भिंतीतल्या झरोक्यातून बाहेरच्या हिमात विरून जाई.

त्याच वेळी वर, उत्तरेच्या खोलीत, पत्नी इम्पीबाई मागावर चिंध्यांचे गालिचे विणीत असत. भट्टीपासून सर्वांत दूरची ती खोली. त्या वर्षी तेलाचे भाव भडकले, भट्टी मंदावली, आणि इम्पीबाईंनी बोटे कापलेले हातमोजे चढवले. "यंदा माग झाकून ठेवावा लागणार," असे त्या एकदा सहज बोलून गेल्या.

रेइनोंनी ते ऐकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी झरोका बुजवला आणि भट्टी ज्या डक्टमधून घरातली हवा परत ओढून घेते, त्या डक्टलाच सौनाची ऊब नेणारी नळी जोडून टाकली.

शनिवारी प्रथम सगळे गोडच वाटले. सौनात अंगावर हलके मारायच्या भूर्जाच्या डहाळ्यांचा सुगंध जिन्याने वर चढला. मग खिडक्या पाझरू लागल्या, भिंतीवरचा कागद सुटून खाली लोंबला.

"रेइनो," विल्बर्ट दिवाणखान्यातून ओरडले, "माझ्या चष्म्यावर वाफ धरलीय! अरे, सौना नेमका कुठल्या मजल्यावर आहे तुझ्याकडे?"

इतक्यात भट्टीचा पंखा सुरू झाला. त्याच्या ओढीने सौनाच्या चुलीचा धूर धुराड्यात चढायचा तो उलटा फिरला आणि उत्तरेच्या जाळीतून थेट मागावर आला. इम्पीबाई खोकत खिडक्या उघडीत खाली आल्या.

"हे काय केलंस?"

"ऊब पाठवत होतो. तुझ्या खोलीत."

"ऊब? अरे, विल्बर्टचा घाम पाठवलास, धूर पाठवलास! झोपलो असतो ना, तर सकाळी उठलोच नसतो आपण."

"सौनाचा राखणदार बुटकाही आता जिन्यात वाट चुकला असेल बिचारा," विल्बर्ट पुटपुटले. प्रत्येक सौनात असा एक अदृश्य बुटका राहतो, अशी फिनिश लोकांची समजूत.

इम्पीबाईंनी दगडांवर पाणी घालायची लाकडी पळी उचलून कपाटात कुलूपबंद केली आणि किल्ली अंगावरच्या एप्रनच्या खिशात टाकली. "माझ्या नाकाची खात्री पटेपर्यंत सौना बंद."

"पण नाताळ आलाय..."

"नाताळचासुद्धा."

नाताळच्या आदल्या सायंकाळचा सौना त्या लोकांत कुणी चुकवीत नाही. सर्वांचे स्नान झाले की शेवटची वाफ घरच्या मृतांसाठी सोडून दार ओढून घेतात. ते चुकणे म्हणजे पितरांना उंबऱ्यावरून माघारी धाडणेच.

रेइनोंनी चूक कबूल केली, नळी कापली, डक्टचे छिद्र पत्र्याने बंद केले, झरोका मोकळा केला. एवढ्यावर पळी परत मिळालीच असती. पण वरची खोली गारच होती आणि माग चादरीखाली गेला होता. सकाळी कॉफीचा कप दोन्ही तळव्यांत धरून बसले असता ते एकाएकी थबकले. तळवे तापत होते, कॉफी मात्र कपातच होती.

त्यांनी जाड नळीच्या पोटात बारीक नळी बसवली. सौनाची वापरलेली हवा आतल्या नळीतून बाहेर जायची. बाहेरची ताजी हवा दोन नळ्यांमधल्या पोकळीतून आत यायची, त्या तापल्या पत्र्याला बिलगून गरम व्हायची आणि एका स्वतंत्र डक्टने उत्तरेच्या खोलीत चढायची. दोघींची भेट व्हावी, मिसळ होऊ नये.

"सॉसेजला कोट शिवतोयस की काय?" विल्बर्टनी विचारले.

चाचणीसाठी नुसती चूल पेटवून दगडांवर पाण्याची बादली ओतली, तर बाहेरच्या तोंडाशी वाफ गोठून नळी तुंबली. "झकास! बर्फाचा कारखाना काढलास," विल्बर्ट म्हणाले. "गावात त्याचाच तुटवडा होता."

रेइनोंनी नळी आतल्या बाजूला उतरती केली. पाणी गोठण्याआधीच मागे ओघळून बादलीत ठिबकू लागले. नाताळच्या आदल्या दुपारी त्यांनी पुन्हा चूल पेटवली. इम्पीबाई उत्तरेच्या जाळीवर ओणव्या झाल्या.

"कसला वास येतोय?" जिन्यातून रेइनोंनी विचारले.

"बर्फाचा."

"धूर?"

"नाही."

"विल्बर्ट?"

"तोही नाही." त्यांनी हातमोजे काढून जाळीवर तळवे धरले. "आणि गरम आहे रे. चांगलं गरम आहे!"

विल्बर्टनी तळघरात पत्र्याचा डबा बडवून घर डोक्यावर घेतले. किल्ली जिन्यावरून खणखणत खाली आली. त्या सायंकाळी सौना झाला, शेवटची वाफ ज्यांची त्यांना मिळाली. ओल्या केसांनी रेइनो वर आले, तेव्हा चादर उतरली होती आणि मागाचा ठोका ऐकू येत होता.

"नाताळात काम करत नाहीत, इम्पी," मागून विल्बर्टनी टोकले.

"हे काम कुठंय? मिरवणं आहे," त्या म्हणाल्या आणि लाल चिंधीचा पट्टा उघड्या बोटांनी ओढून घेतला.

रेइनो आणि इम्पीबाई आज नाहीत. घरात दुसरे कुटुंब राहते. नळीतल्या नळीखाली बादली अजून आहे, आणि शनिवारी उत्तरेची खोली गरम असते.