कापसाच्या खोलीतली शांतता

बन्सीलाल आबा गावच्या डीपीखाली, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखाली, उभे राहून नुसत्या घुमण्यावरून सांगत, आज हिच्यावर भार जास्त आहे, संध्याकाळपर्यंत फ्यूज जाईल. आणि फ्यूज जायचा. शिरपूरजवळच्या त्या गावात त्यांनी वायरमन म्हणून उभा जन्म काढला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कान नोकरीवरच राहिले होते. बोलणं हळू, चालणं हळू, घरातला पंखा कायम दोनवर. जे यंत्र ओरडतं ते स्वतःलाच खातं, असं ते म्हणत. गावातल्या अर्ध्या घरांतले पेटीसारखे जुने रेग्युलेटर त्यांच्याच हातून दुरुस्त झालेले होते.

या नोकरीची किंमत सुनंदाबाईंनी मोजली होती. नवरा अवेळी खांबावर चढलेला असे, आणि तो घरी येईपर्यंत त्यांचा डोळा लागत नसे. ती जाग अंगात अशी मुरली की पुढे आबा रोज घरी असू लागले तरी झोप काही परत आली नाही. अर्धशिशी मात्र आली आणि राहिली. दुपारी जेवण झाल्यावर लागेल तेवढीच त्यांची झोप. आबा ती झोप जपत. त्या वेळी अंगणात कुणी मोठ्याने बोललं तर ते काही न बोलता दाराशी जाऊन उभे राहत. बोलणारा आपोआप आवाज उतरवी.

त्या वर्षी कापूस विकलेला नव्हता. भाव वाढेल या आशेने गावातल्या बहुतेक घरांनी तो घरातच भरून ठेवला होता. ही तिकडची रीतच आहे. कापूस खोलीत राहतो आणि माणसं ओसरीत सरकतात. आबांच्या मधल्या खोलीत तो आढ्याला टेकला होता. पण कूलरही त्याच खोलीत, म्हणून सुनंदाबाईंचा पलंग तिथेच आणि पलंगापलीकडे भिंतीशी सून मोहिनीचा कॉम्प्युटर.

मोहिनी लग्नांचं शूटिंग करायची आणि घरी बसून त्याची फिल्म तयार करायची. काम जड, म्हणून मशीनही तसंच घेतलेलं. एका बाजूला काच, आत हाताच्या पंज्याएवढे तीन पंखे. कापूस पलंग ओलांडून मशीनकडे येऊ द्यायचा नाही, हा तिचा दंडक. मशीन तापलं की पंखे आपोआप जोरात फिरत, निवलं की हळू होत. थंडीत ते आहेत हेही कळत नसे. मे महिन्यात मात्र खोलीच भट्टी झालेली. भर दुपारी शेजारी मळणी चालली आहे असं वाटायचं.

सुनंदाबाईंनी तक्रार केली नाही. कपाळाला पदर बांधून एवढंच म्हणाल्या, "आवाज बठ्ठा डोकामा जास." म्हणजे सगळा आवाज डोक्यात शिरतो.

आबांनी सुनेला विचारलं, पंखे हळू करता येतील का. तिने त्यांना शेजारी बसवून पडद्यावर दाखवलं. "येतील, आबा. पण एका मर्यादेच्या खाली नेले तर ते थांबतात, आणि थांबलेला पंखा आपोआप उठत नाही. शिवाय हा उन्हाळा. जरा हवा निवू द्या, मग मी करते."

आबांनी मान हलवली. नोकरीत नव्या साहेबांपुढेही ते अशीच मान हलवत आणि मग खांबावर चढून आपल्या मनाने करत.

मोहिनीला धुळ्याला जायचं होतं. माहेरच्या बाजूची दोन लग्नं, मुक्कामही तिकडेच. मशीनवर लांबचं काम लावून ती निघाली. वीज जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होईल अशी सोय तिने केली होती. पुढचं ती मोबाईलवरून बघणार होती. खोली रोज झाडा, एवढं सांगून ती गेली.

त्याच सकाळी आबांनी मशीन बंद करून काच काढली. तिन्ही पंख्यांच्या तारा एकत्र केल्या आणि मध्ये जुन्या रेग्युलेटरमधल्या तारेच्या वेटोळ्याचा एक तुकडा घातला. वेटोळं तापतं हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते डब्यात न ठेवता मागे भिंतीला खिळा ठोकून मोकळ्या हवेत टांगलं. मशीन सुरू केलं. पंखे नुसते थरथरले.

त्यावर गावात उपाय जुनाच आहे. कितीतरी घरांत छताचा पंखा काठीने ढोसल्याशिवाय फिरत नाही आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आबांनी एकेका पंख्याला बोट लावलं. तिन्ही फिरू लागले, आवाज न करता.

दुपारी सुनंदाबाई आडव्या झाल्या. थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाल्या, "आते बरं वाटस." मग त्यांचा श्वास लांबला, तोंड किंचित उघडं पडलं. आबा उंबऱ्यावर बसून बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी गावाला उजेड दिला. या बाईला द्यायचं राहून गेलेलं आज हातून झालं असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी काचेला हात लावला तर ती चांगलीच पोळली. मेमध्ये सगळंच पोळतं, असं त्यांनी मनाला सांगितलं. मशीनच्या मागची भिंत आधी स्वच्छ असायची, कारण पंख्यांचा वारा तिथे काही टिकू देत नसे. आता कापसाची बारीक तूस तारांवर, खिळ्यावर बसू लागली. वेटोळ्यावर तर चिमणीच्या घरट्यासारखी. ती फडक्याने पुसायला गेले तेव्हा बोटाला चटका बसला. आबांनी बोटावर फुंकर मारली आणि कुणाला सांगितलं नाही. ढीग खचत होता, कापसाचे पुंजके पलंगाखालून मशीनकडे येत होते. तेही त्यांनी पायाने मागे सारले.

सुनंदाबाईंनी विचारलं, "हाई काय टांगेल शे?"

"तुनी झोप," आबा म्हणाले. त्या हसल्या.

मग एका दुपारी, त्या आतून कडी लावून झोपल्यावर, आबा मारुतीच्या पारावर जाऊन बसले. पितांबर भाऊ तिथेच होते. घरासमोर घर, लहानपणापासूनची जोडी. वीज गेली. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी थांबली. आबा निवृत्त झाले आणि वीज पोरकी झाली, असं पितांबर भाऊ म्हणाले आणि पारावरचे हसले. आबाही हसले. बऱ्याच वेळाने गिरणी पुन्हा टुकटुक करू लागली. वीज आली, म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं.

आबांना मात्र घर आठवलं. मशीन आता आपोआप सुरू झालं असेल. पण पंख्यांना बोट कोण लावणार?

अडलेली मोटर जास्त वीज खाते. हे त्यांनी हाताखालच्या प्रत्येक माणसाला शिकवलं होतं. पंखे उभे, वीज आत जाते आहे, आणि तिचा सगळा ताव त्या वेटोळ्यावर. त्याला तुसीची गोधडी. खाली कापूस. मध्ये पलंग.

चपला पाराखालीच राहिल्या. तापलेल्या रस्त्यावरून म्हातारा माणूस धावतो आहे हे बघून पितांबर भाऊही उठले.

गरम वारा येऊ नये म्हणून खोलीचं दार आतून लावलेलं होतं. आबांनी दाराला कान लावला. कूलर चालू होता. त्याच्या आवाजामागे दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. फटीतून जळक्या चिंधीचा वास येत होता. दार वाजवायला त्यांनी हात उचलला आणि तो हवेतच थांबला. तिची झोप मोडू नये, ही सवय एवढी जुनी होती. क्षणभरच थांबला, पण तो क्षण पुढे आबांना कधी विसरता आला नाही.

मग त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवलं. "सुनंदा, दार उघाड."

उत्तर नाही. पुन्हा बडवलं. अखेर कडी वाजली. सुनंदाबाई उभ्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "काय व्हयनं? माले इतली झोप लागनी..." आबांनी त्यांना हाताला धरून ओसरीत ओढलं आणि मेन स्विच पाडला.

वेटोळ्यावरचं घरटं काळं पडलं होतं. त्याचा ठिणगीएवढा तुकडा खाली पुंजक्यावर पडला असावा. तिथून पलंगाखालून एक तपकिरी रेघ मुंग्यांच्या रांगेसारखी ढिगाकडे गेली होती. ढिगाच्या पायथ्याशी बांगडीएवढं भोक, काठ काळे. ज्वाळा कुठेच नव्हती. पितांबर भाऊंनी आणि शेजाऱ्यांनी तेवढा भाग उपसून अंगणात टाकला, घागरी ओतल्या. विझलं म्हणून सगळे घरी गेले.

आबांनी मोहिनीला फोन करून सगळं स्वतःच सांगितलं. तिने आधी विचारलं, "आई कुठे आहेत?"

"ओसरीत."

"तिथेच राहू द्या. मी निघते."

तिने आल्या आल्या मशीन ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. वेटोळं काढून तारा होत्या तशा जोडल्या आणि वेग मशीनमधूनच ठरवला: कमीत कमी एवढा, की बोटाशिवाय पंखा उठलाच पाहिजे, आणि एखादा थांबला तर मशीनने हाक द्यावी. तीन-चारदा वीज बंद-चालू करून तिने आबांना दाखवलं. पंखे दर वेळी आपले आपण उठले. आवाज परत आला. सुनंदाबाईंनी कपाळाला पदर बांधला, पण तो बंद करा असं कुणीही म्हणालं नाही.

कापसाची आग वरून चालत नाही. ती आत शिरते, दिवसेंदिवस धुमसते आणि भलतीकडे डोकं काढते. आबा खोलीच्या दाराशी बसून राहिले. मधूनच उठत, बाही सारून खांद्यापर्यंत हात ढिगात घालत, आणि डीपीखाली उभे राहत तसे मान वाकडी करून थांबत.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर सुनंदाबाईंनी ओसरीतून विचारलं, "धग शे का?"

"नई," आबा म्हणाले. पण हात बाहेर आला नाही. कोपराच्या पुढे, खूप आत, बोटांना किंचित ऊब लागत होती. ती उन्हाची असेल. खोलीची असेल. आबांनी डोळे मिटले. मनाला असंच सांगत सांगत ते इथवर आले होते.

त्यांनी हात काढला. "बठ्ठा बाहेर काढो," ते म्हणाले. "आत्ते."

कापसाच्या भावाचं नाव कुणी काढलं नाही. मोहिनीने पदर खोचला, पितांबर भाऊ आले. पहिला भारा पांढराशुभ्र निघाला. दुसराही. तिसरा अंगणात पडला तेव्हा जळक्या चिंधीचा तोच वास सुटला आणि सुनंदाबाईंनी पदर नाकाला लावला.