पारावरचं पहिलं भाषण

आमचे हे पुढं मंत्री झाले, तेव्हा लोक मला विचारायचे, साहेबांना बोलायचं कुणी शिकवलं? मी सांगायचे, तीर्थपुरीच्या बाजारात कापड विकणाऱ्या चाचांनी. लोकांना वाटायचं, म्हातारी थट्टा करतीय. थट्टा कसली, खरंच सांगते.

निजामाच्या राज्यात मोठं शिक्षण म्हणजे उर्दू. ह्यांचं सगळं त्यातच झाल्तं. घरात मराठी, पण चार मोठ्या माणसांत उभं राहिलं की तोंडातून उर्दूच निघायची. आमच्या गावात तर शाळाच न्हाई. लेक सहा वर्षांची झाली होती आणि मी स्वतः अंगठेबहाद्दर. ती माझ्यासारखी राहू नये, एवढंच माझ्या जिवाला लागलं होतं. ह्यांनी तहसिलीत खेटे घालून मराठी शाळेची परवानगी आणली. आता राहिली जागा. मारुतीच्या देवळाची ओसरी पाहिजे होती, आणि ती पाटलांच्या शब्दाबिगर मिळणार नव्हती.

पारावर सभा ठरली. सभेला तहसिलीचा माणूस यायचाच, कोण काय बोलतं ते ऐकायला. हे उभे राहिले, त्याच्याकडं नजर गेली आणि झालं! उर्दू जी सुरू झाली ती थांबेचना. गोठ्यात बैलांपुढं घोकलेलं सगळं मराठी पाण्यात गेलं. आमच्याकडं पारावर मोठ्यानं उर्दू ऐकू आली की समजायचं, सरकारी हुकूम आला, सरकारला सक्तीनं घालायच्या धान्याची नवी लेव्ही बसली. पुढचे हात जोडून ऐकू लागले, मागचे एकेक करून सटकू लागले. पाटलांनी बी पागोटं सावरून पायात जोडे घातले. बायांच्या घोळक्यात बसून मी ह्यांच्या नावानं बोटं मोडत होते.

तेवढ्यात चाचा उठले. माझ्या सासऱ्यांचे जुने दोस्त, आमच्याच गावचे. त्यांच्या घरात सगळी उर्दू बोलणारी माणसं.

"बेटा," ते म्हणाले, "इतकी भारी उर्दू तर आमच्या घरात बी कुणी बोलत न्हाई. मी कापड मराठीत विकतो. तू बी मराठीत बोल."

गाव खदाखदा हसलं. निघालेले परत येऊन बसले. ह्यांचे कान लाल झाले, पण मंग घरात बोलतात तसं बोलले. म्हणाले, हुकूम बिकूम काही न्हाई, शाळेचं बोलून राह्यलो. कागदावर काय लिहिलंय ते न कळता अंगठा लावायची पाळी आपल्या लेकरांवर येऊ नये. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं आणि ओसरी दिली. फक्त म्हणाले, पोरं बसवा, पोरींचं जमायचं न्हाई.

नुसती मान हलवली असती तरी काम फत्ते होतं. ह्यांनी भर सभेत बायांकडं, सरळ माझ्याकडं पाहिलं. तसं बघायची रीत नव्हती. माझा जीव टांगणीला लागला.

"मंग राहू द्या ओसरी, पाटील," हे म्हणाले. "पोरी न्हाईत तर शाळा बी नको."

हातातोंडाशी आलेला घास हा माणूस परत करून राह्यला! पण खरं सांगते, पुढं ह्यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा बी मला ह्यांचा इतका अभिमान वाटला न्हाई. चाचांनी बसल्या जागेवरून सांगितलं, माझी नात बी येईल. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला, पायातले जोडे काढून ठेवले. मंग म्हणाले, तुम्ही दोघं मिळून गाव बिघडवणार, बसवा काय बसवायचं ते.

मास्तर मिळेपर्यंत हेच शिकवणार होते. पहिल्या दिवशी पोरं बरीच आली, पोरी दोनच, चाचांची नात आणि आमची लेक. तिला पायरीशी सोडून मी माघारी वळले, तर ह्यांनी हाक मारली.

"ओसरी मोठी हाये," म्हणाले.

मी डोक्यावरचा पदर सावरला आणि लेकीच्या मागं जाऊन बसले.