दत्तप्रसादचं गाऱ्हाणं

दत्तप्रसाद राऊळ फिटर म्हणून एक नंबर, पण माणूस अर्धा वेडा. हे मी त्याला तोंडावर सांगायचो. आखातातल्या आमच्या सालमियाच्या खोलीत त्याची कॉट माझ्या शेजारी, तेवढा हक्क होताच. हा कुडाळकडचा. बायको दर्शना गावी, आणि लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हललेला नव्हता.

अठ्ठ्याण्णव साली तिला दिवस गेले. त्याच सुमारास अम्गऱ्याच्या आमच्या वर्कशॉपने त्याला आणि आमच्यातल्याच गफूर नावाच्या फिटरला ट्रेनिंगसाठी जपानला धाडलं. डोंगरातलं लहानसं गाव, तिथे पंपांचा कारखाना. सुट्टीच्या दिवशी कारखानावाल्यांनी दोघांना गाव हिंडवलं. धबधबा झाला, गरम पाण्याचं कुंड झालं, थंडगार शेवया खाऊन झाल्या, मग डोंगरावरचं देऊळ. देवळामागे दगडाच्या चिमुकल्या मूर्ती ओळीने मांडलेल्या. गोल चेहरे, डोक्यावर लाल टोपडी, गळ्यात लाल लाळेरी.

पठ्ठ्याने तिथेच बूट काढले. टोपडं घातलेला देव म्हणजे पोरं देणारा देव, हे ह्याचं गणित! आणि देव दिसल्यावर कोकणी माणूस गाऱ्हाणं घातल्याशिवाय राहतो होय? "बा देवा म्हाराजा, माझ्या बायलेक सुखरूप सोडव, पोराक तुझ्या पदरात घे!" आणि गफूरला दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायला लावलं. तोही हसत हसत म्हणाला.

परत आला तो तरंगतच. फोनवर दर्शनाला सगळं सांगितलं, त्या मूर्तींचा काढलेला फोटो वर्कशॉपातल्या लॉकरवर चिकटवला.

सातव्या महिन्यात ती अडली. मुलगा होता, मेलेलाच जन्मला. तू पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल, येऊ नकोस, असं घरच्यांनीच कळवलं.

पुढच्याच आठवड्यात वर्कशॉपच्या जपानी साहेबाने तो फोटो पाहिला. बिचाऱ्याला काय ठाऊक? हळू आवाजात म्हणाला, "हा जिझो. आईबापांच्या आधी गेलेल्या मुलांना सांभाळतो. टोपडी त्या मुलांच्या आया घालतात."

दत्तप्रसादने लॉकरवरचा फोटो ओढून काढला. "मीच दिलंय पोराक त्याच्या पदरात. माझ्या तोंडान."

"अरे मूर्खा, जपानचा देव मालवणी समजतो काय?" मी ओरडलो. काही उपयोग झाला नाही. फोटो त्याने फाडून टाकला.

त्यानंतर गडी सुट्टीवर जाईचना. कधी ओव्हरटाइम, कधी शटडाऊन. दर्शना फोनवर विचारायची, हा काम सांगायचा. भीती एकच. ती त्या देवाबद्दल विचारणार, मग सांगायचं काय? माझा संताप व्हायचा. शेवटी दोन हजार एकमध्ये मीच तिकीट काढलं आणि त्याला विमानतळावर ढकललं.

परतल्यावर त्याने मला सांगितलं. पहिल्याच संध्याकाळी मागीलदारी बसून त्याने तिच्यापुढे सगळं ओकलं. ती तांदूळ निवडत होती. ना रडली, ना ओरडली.

"म्हणजे आपल्या बाबूक थंय कोणतरी बघणारो आसा," म्हणाली.

याला हुंदकाच फुटला. सुटलो, असं वाटलं त्याला. तिने सूप बाजूला ठेवलं.

"इतकी वर्सां ह्यां सांगूक घाबारलास? त्याका तरी कोणतरी होतो. माका कोण होतो?"