विस्तव न लागलेली बिबडी

वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माझे सासरे, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे आबा, निसर्गोपचाराच्या शिबिराला गेले. परत आले ते विस्तव लागलेलं काही खायचं नाही, असं ठरवूनच. मोड आलेले मूग, काकडी, केळी, भिजवलेले शेंगदाणे. त्यांचे गुडघे खरोखरच हलके झाले, त्यामुळे त्यांना कोणी काही बोलू शकेना.

अडचण आवाजाची होती. आम्ही पंगतीत पापड मोडला की आबांचं चावणं थांबायचं. ताटात बिबडी, म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड, नसेल तर जन्मभर कुरकुरलेला माणूस तो. एक दिवस त्यांनी ताट उचललं आणि ओसरीवर जाऊन बसले. "तळणाचा वास नको," एवढंच म्हणाले. मग सासूबाईही पंगतीला बसेनात. सगळ्यांचं आटोपलं की ओट्यापाशी उभ्यानेच चार घास गिळायच्या. हे असं चालणार नव्हतं. समजूत घालणं मला जमत नाही. आबांना कुरकुरीत आणि कच्चं काहीतरी करून द्यायचं आणि ते ताट आत आणायचं, असं मी ठरवलं.

जवस भिजवलं की बुळबुळीत होऊन एकमेकांना धरून राहतं, हे मला ठाऊक होतं. रात्री जवस आणि तीळ भिजत घातले. सकाळी त्यात डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, बिया, हिरवी मिरची, लसूण आणि मीठ वाटून कालवलं आणि बिबड्यांसारखंच ओल्या धोतरावर पातळ थापून गच्चीवर खाटेवर टाकलं. छान वाळलं. मग सोडवण्यासाठी, बिबड्यांना करतो तसंच, धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडलं. चूक तिथेच झाली. ज्वारीची बिबडी पाण्याने सुटते; जवस पाणी पिऊन पुन्हा चिकट होतं. सगळा लगदा धोतराला चिकटून बसला.

सासूबाई धुळ्याकडच्या. त्यांनी धोतराला बोट लावलं, बोट चिकटलं.

"हाई डिंक शे, बिबडी नही! धोतर बी गयं, तीळ बी गया."

"धोतर जुनंच होतं, आई."

"पन मना नवराना होतं ना!"

कृषी प्रदर्शनात मी केळी वाळवायची पेटी पाहिली होती. तशी विकत आणायची ऐपत नव्हती, पण दुधाचं जुनं जाळीचं कपाट माळ्यावर पडलं होतं. ते उतरवलं. तिन्ही बाजूंना काळा रंग दिलेला पत्रा ठोकला, वर खिडकीची काच बसवली, फळ्यांवर तेल लावलेल्या थाळ्या ठेवल्या. या वेळी ते झटकन वाळलं, सुटलंही. मी खूश होऊन ताटली ओसरीवर नेली. आबांनी तुकडा नाकाशी धरला आणि परत ठेवला.

"सूनबाई, हे भाजलंय."

"चूल पेटवलेलीच नाही, आबा. नुसतं ऊन."

"थाळीला हात लाव. हाताला सोसेल ते कच्चं. न सोसेल ते शिजलं."

मी गच्चीवर जाऊन थाळीला हात लावला. चटका बसला. म्हातारा बरोबर होता, आणि त्याचा मला रागही आला. जळगावच्या मे महिन्यात काळ्या पत्र्याच्या पेटीत काच लावून मी भट्टीच बांधली होती.

मग पत्रे काढले, काच काढली. आमच्याकडे दुपारी जी झळ वाहते तिला आणखी तापवायची गरजच काय? नुसतं जाळीचं कपाट ओसरीच्या सावलीत, वारा आरपार जाईल असं आडवं लावलं. थाळ्यांचा पत्रा नको होता, म्हणून असोद्याहून दूध घालायला येणाऱ्या बाईंकडून केळीची पानं मागवली. केळीच्या पानाला काही चिकटत नाही. त्यावर मिश्रण थापलं, वरून सुकल्यावर उलटलं, पान आपोआप सुटून आलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं कडक वाळलं. हात लावून पाहिला. कोमट.

जेवायच्या वेळी मी ताटली ओसरीवर नेली नाही. पंगतीत आबांच्या रिकाम्या पाटासमोर ठेवली आणि एक तुकडा स्वतः मोडला, मुद्दाम जोरात. आबा दारात आले. हातात मुगाचं ताट होतं. त्यांनी एक तुकडा उचलून बोटांनी दाबला, वास घेतला, दाताखाली धरला. कडाड आवाज झाला. मग ते पाटावर बसले.

सासूबाई ओट्यापाशी उभ्याच. मला म्हणाल्या, "त्यासले सांग, हळू खावा. मना कान फुटतीन."

"तिला सांग, बसून ऐक म्हणावं," आबा म्हणाले.

त्या बसल्या. एक तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिल्या.

"तिखट चांगलं शे. पन तेलमा तळी देखू का एक?"

मी आबांकडे पाहिलं. सासूबाईंनी उठून कढई ठेवलीसुद्धा. तेल तापलं, तळणाचा वास घरभर पसरला. आबांनी ताट जरा स्वतःकडे ओढलं आणि दुसरा तुकडा मोडला. उठले मात्र नाहीत.