जेवणाच्या वेळेची कवायत

जपानात भूकंप झाला की आमच्याकडे कौतुकाला ऊत येतो. टीव्हीवर दाखवतात: घरं पडलीत, आणि माणसं पाण्यासाठी गुमान रांगेत उभी. ढकलाढकली नाही, रडारड नाही. मग घरातला कुणीतरी म्हणतोच, "बघा, याला म्हणतात शिस्त! नाहीतर आपले लोक!" मी उठून बाहेर जाऊन बसतो. ती शिस्त मी तुमच्या आधी पाहिलीय बाबांनो, आणि तीही एका हाताच्या अंतरावरून.

साठ सालानंतरची गोष्ट. कुवेतमध्ये अहमदीच्या खाली, समुद्राच्या कडेला एका जपानी कंत्राटदाराचा कॅम्प होता. तिथल्या मुदपाकखान्यात माझा थोरला भाऊ मुख्य आचारी आणि मी त्याच्या हाताखाली. आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. भाई इतका नामी आचारी की ते जपानी, ज्यांना तिखटाचा वास आला तरी शिंका यायच्या, ते त्याच्या हातचं सुरमईचं कालवण मागून खायचे. त्यांचा साहेब, त्याला आम्ही सगळेच मुदीर म्हणायचो, तोसुद्धा.

दर महिन्याला कॅम्पात आगीची कवायत व्हायची. दुपारच्या जेवणाआधी भोंगा वाजायचा, कारण तेव्हा माणसं कामावरून परत आलेली असत. भोंगा झाला की जपानी हातातलं टाकून मैदानात. धावत नाहीत, झपझप चालत. टोळी-टोळीने उकिडवे बसायचे, टोळीचा म्होरक्या माणसं मोजायचा, मोठ्याने आकडा सांगायचा. चकार शब्द नाही. आणि आम्हाला? आम्हाला मुदीरचा निरोप असायचा, "किचनने काम चालू ठेवावं." कवायत संपली की ताटं तयार पाहिजेत ना! आम्हीही खिडकीतून बघून हसायचो. भाई म्हणायचा, "बरा झाला आपल्याला नाय बोलवीत. या उन्हात कोण बसतोय कोंबडीसारखा!"

एक तरुण इंजिनीअर होता, तो मात्र मुदपाकखान्यात येऊन बसायचा. तोडकंमोडकं इंग्रजी त्याचं, तसंच माझं, त्यामुळे आमचं छान जमायचं. तो सांगायचा, हे आम्हाला शाळेत शिकवतात. लहानपणी घंटा झाली की डोक्यावर कापसाची टोपी ओढायची आणि बाईंच्या मागे चालू लागायचं. ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही. आणि एकदा बाहेर पडलं की काही झालं तरी परत आत जायचं नाही. मग ते वह्या असोत, चपला असोत, काहीही असो. त्याच्या गावात म्हणे हिवाळ्यात शेजारचे लोक लाकडाच्या पट्ट्या वाजवत गल्लीतून फिरायचे, "चूल विझवा, आग सांभाळा" म्हणत. मी म्हटलं, आमच्याकडेही शिकवतात. गवताच्या छपराला आग लागली की आत शिरून जो भाताची कणगी, भांडी, पेटी बाहेर काढतो, तो मर्द. बाकीचे बायले. तो हसला नाही. म्हणाला, "ही वाईट शाळा." मला राग आला होता त्याचा.

त्या वर्षी भाई गावी जायचा होता. लेकीचं लग्न ठरलं होतं. बोटीची वेळ जवळ आली तशी त्याने पत्र्याची पेटी भरून दोरी आवळून ठेवली होती. कुवेत शहरातल्या मिरकाबच्या दुकानांतून घेतलेलं नायलॉनचं कापड, अत्तर, जावयासाठी घड्याळ. आमच्या खाडीवर कुवेतहून आलेला माणूस तोंडावरून ओळखत नाहीत, पेटीवरून ओळखतात. रिकाम्या हाताने उतरला तर बंदरापासून घरापर्यंत लोक त्याची सालटी काढतील.

आणि एका दुपारी भोंगा वाजला. आम्ही म्हटलं, कवायत. भाई डेग ढवळत राहिला. मग धुराचा वास आला. जनरेटरच्या शेडला आग लागली होती, वारा सुटलेला, आणि शेडला लागूनच आमची लाकडी बराक. आम्ही धावत बाहेर आलो. मैदानात जपानी बसलेले, जसे दर महिन्याला बसत तसेच. आकडे मोजून झाले. मग अर्धे उठले आणि वाळूच्या बादल्यांची साखळी लावली. कुठे आरडाओरडा नाही. खरंच सांगतो, बघत राहावं असं काम होतं ते.

भाई माझ्या शेजारी उभा होता, धडधाकट. एप्रन अंगावर, झारा हातात. त्याने बराकीकडे बघितलं.

"अरे, माझी पेटी!"

"भाई, जाऊ नको!"

"तू थांब हय. मी आलोच."

गेलासुद्धा. मी मागे धावलो तर कुणीतरी माझी कंबर धरली. तो इंजिनीअर. रांग मोडून आला होता. "नो बॅक, नो बॅक," कानाशी ओरडत होता. मी त्याला बुक्के मारले, आईवरून शिव्या दिल्या, पण त्याने सोडलं नाही. मला धरायला तो होता. भाईला धरायला कोण? भाई कुणाच्या टोळीतच नव्हता. त्यांचे आकडे पुरे भरले होते.

भाई बाहेर आला. पेटी ओढत आला. पत्र्याच्या पेटीच्या लोखंडी कड्या लालबुंद, आणि याच्या दोन्ही मुठी त्यांच्यावर आवळलेल्या. सोडवता सोडवेनात. नंतर पेटी उघडली तर नायलॉन वितळून त्याचा नुसता गोळा झाला होता.

इस्पितळात मुदीर आला. भाईच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. मुदीर खाटेसमोर कमरेत वाकला तो वाकलेलाच राहिला. भाई ओशाळला, मला म्हणाला, "अरे, खुर्ची दे त्याला. पाव्हणा असा उभा?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खुर्ची दिली नाही.

भाईची बोटं एकमेकांना चिकटूनच बरी झाली. चिमूटभर मीठ उचलता येईना. त्याला बोटीवर मी चढवलं.

त्यानंतर परत कवायतीचा दिवस आला आणि परत निरोप आला, "किचनने काम चालू ठेवावं." अल्लाशप्पथ, तोच निरोप, तेच शब्द! भाईच्या जागी आता मी होतो; सगळे स्टोव्ह विझवले, हाताखालच्या माणसांना घेतलं आणि मैदानात जाऊन मुदीरच्या समोर उकिडवा बसलो. मला वाटलं, आता हा बोंबलणार, मग मीही त्याचा हिशोब चुकता करणार. कसलं काय! परत येऊन सगळ्यांनी अर्धाकच्चा भात खाल्ला. कटकट नाही, कुरकुर नाही, एक दाणा ताटात टाकला नाही. भांडायला तरी यायचं रे कुणी! माणूस भांडला तर मन मोकळं होतं.

काही दिवसांनी इंजिनीअर खुशीत धावत आला. मुदीरने कवायत जेवणानंतर ठेवली होती, चार वाजता. मुदपाकखान्याची वेगळी टोळी, आणि तिचा म्होरक्या मी.

मी विचारलं, "हे आधी झालं असतं?"

त्याने खरोखर विचार केला. खोटं बोलायची त्यांची रीत नाही. म्हणाला, "झालं असतं. सोपं होतं. फक्त वेळ बदलायची होती."

"मग?"

"कुणाच्या लक्षात नाही आलं."

बैल गेला नि झोपा केला. पण झोपा सुरेख केला हो, त्यात खोट काढायला जागा नाही. चार वाजता भोंगा झाला, मी माझी माणसं मोजली आणि त्यांनी शिकवला तसा त्यांच्या भाषेत आकडा मोठ्याने सांगितला. मुदीरने मान डोलावली. गावचं घड्याळ अडीच तास पुढे; त्या वेळी तिकडे दिवेलागण झाली असेल, आणि भाभी भाईसमोर ताट घेऊन बसली असेल, त्याला घास भरवायला.