वन्संची राणी आणि माझी मान

आमच्या वन्संइतकी भित्री बाई कुणकेश्वरापासून बांद्यापर्यंत शोधून सापडली नसती. माहेरीच राहिलेली ही माझी थोरली नणंद. पालीला भ्यायच्या, तार आणणाऱ्या पोस्टमनला भ्यायच्या, आणि समुद्र दारात असून जन्मात घोट्याएवढ्या पाण्यातही उतरल्या नव्हत्या. अशा बाईला छंद कसला, तर चारशे वर्षांपूर्वीच्या विलायती राण्यांचे पोशाख शिवण्याचा! ह्यांनी मुंबईहून चित्रांचं नि कापाच्या आकृत्यांचं जुनं इंग्रजी पुस्तक आणलं, तेवढंच निमित्त. शाळेत शिवण शिकवणाऱ्या वन्सं डिक्शनरी घेऊन बसल्या. मखमल गोव्याची, बांद्याच्या बाजारातून. घेराला वेताची कडी, चोळी ताठ राहायला झावळीचे हीर, गळ्याच्या चुणीदार झालरीला खळ पेजेची. आणि बेतायला मी! नवी नवरी, करते काय? एकदा घेरासकट माजघराच्या दारात अडकले, ती सासूबाईंनी मागून ढकलल्यावर सुटले.

त्यात वन्संनी निवडलेली राणी नेमकी नवऱ्यानं मुंडकं उडवलेली. त्यामुळे कात्री लावण्याआधी रोज गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, हिची मान हिच्याच घोवान उडवल्यान, तेचो दोष आमच्या घराक लागाक नको रे म्हाराजा!" मी शेजारी उभी राहून "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. एकदा चिडून विचारलं, "एवढी भीती, तर शिवता कशाला?"

"अगो शालन, तिचा कोण आसा? कोणीतरी नेसवक नको तिका?"

पोशाख पुरा झाला आणि मला दिवस गेले. झालं! वन्संची बोबडीच वळली. मलाही मानेवर गार हात फिरल्यासारखं वाटायचं. बाळंतपणात दुसऱ्या दिवशीही सुटका होईना, सुइणीनं हात टेकले, तेव्हा वन्संनी पोशाख काखोटीला मारला आणि भर दुपारी तडक समुद्रात शिरल्या. छातीभर पाण्यात! सासूबाई सांगायच्या, मेला घेर बुडेचना. वन्सं भीतीनं किंचाळत होत्या नि दोन्ही हातांनी तो खाली दाबत होत्या.

निथळत परत आल्या तेव्हा माझी लेक रडत होती. माझ्या उशाशी बसून म्हणाल्या, "सगळा दिलंय गो समुद्राक. मानेची झालर तेवढी ठेवलंय, ती तुझ्या मानेक बेतलेली. तुझी मान कशी दितलंय?"

वन्संना जाऊन बरीच वर्षं झाली. झालर माझ्या ट्रंकेत आहे, खळ जाऊन मऊ पडलेली. कधीतरी गळ्याशी धरून बघते. आता काही भीती वाटत नाही. माझ्यासाठी भिणारं माणूसच घरात उरलं नाही.